कुणाचं मीठ खाल्लंय, ते आधी सांगा!

सुरुवातीलाच सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मेसमध्ये मी महिनाभर फुकट जेवले होते. त्या मेसबद्दल मी माझ्या ब्लॉगवर भरभरून लिहिलं. लिहिलेल्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त 'फुकट' हा एक शब्द मी लिहिला नाही. आजचा लेख त्या न लिहिलेल्या शब्दाबद्दल आहे.

तेव्हा मी सेकंड इयरला होते. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला येणाऱ्या कुणाचाही पहिला प्रश्न खोलीचा आणि दुसरा जेवणाचा. पेठांमधल्या गल्ल्या पालथ्या घालत, वडापावपासून थाळीपर्यंत, कमी पैशांत कुठे काय चांगलं मिळतं ते मी ब्लॉगवर लिहायचे आणि त्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे. चारेक हजार फॉलोअर्स झाले होते. सेलिब्रिटींच्या मानाने हा आकडा म्हणजे काहीच नाही, पण कॉलेजच्या कट्ट्यावर चारेक हजार म्हणजे पुष्कळ. 'ताई, मेस सुचवा ना' असे मेसेज रोज यायचे.

मग एका नव्या मेसवाल्या काकांचा फोन आला. "पैशाचं काय बोलताय ताई, महिनाभर जेवा आणि दोन शब्द चांगले लिहा." हॉस्टेलवर राहणाऱ्या कुठल्याही मुलीने जे केलं असतं, तेच मी केलं. गेले. गरम फुलके, मटकीची उसळ, रविवारच्या फीस्टला श्रीखंड. मनापासून आवडलं. आठव्या दिवशी पोस्ट लिहिली. 'घरची आठवण येईल असं जेवण' वगैरे.

पुढच्या महिन्यात ॲडमिशन्स झाल्या. बीड जिल्ह्यातून आलेली एक ज्युनिअर माझी पोस्ट वाचून तिथे गेली. महिन्याचे ३,२०० रुपये आणि तीन महिन्यांचे एकदम भरले तर ९,००० अशी स्कीम होती. तिने ९,००० भरले. पंधरा दिवसांत वरण पातळ झालं, फुलक्यांच्या जागी सकाळच्या गार पोळ्या आल्या. दीड महिन्याने एके दिवशी दाराला कुलूप आणि काकांचा फोन बंद. तिचे निम्मे पैसे, म्हणजे ४,५०० रुपये, गेले. घरी सांगायची सोय नव्हती. पुढचे बरेच दिवस तिने एक वेळ जेवून काढले, हे मला तिच्या रूममेटकडून कळलं.

ती मला भेटली तेव्हा चिडलेली नव्हती. तिने एकच विचारलं, "ताई, तुम्ही तिथं पैसे भरले होते का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तसं लिहायचं ना. मी आधी एकाच महिन्याचे भरले असते."

तिला माझ्याकडून माफीनामा नको होता. तिला एक माहिती हवी होती. ती मिळाली असती तर तिने जपून पाऊल टाकलं असतं. ब्लॉग असो, रील असो, व्हिडिओ असो, 'हे मला फुकट मिळालंय' हे का सांगायचं याचं इतकं साधं उत्तर मला नंतर कुठल्याही टेक्स्टबुकात सापडलं नाही.

'पण माझं मत प्रामाणिक होतं!'

कोलॅब करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं उत्तर हेच येतं. माझंही हेच होतं. आवडलं म्हणून लिहिलं, पैसे घेऊन खोटं थोडंच लिहिलं?

शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की, मी खोटं लिहिलं नव्हतं, पण मी जेवले होते ती थाळी आणि तिला मिळालेली थाळी एक नव्हती. मी लिहिणार आहे हे काकांना माहीत होतं. तव्यावरचा फुलका थेट माझ्या ताटात यायचा. खिशातून पैसे गेले नव्हते म्हणून ३,२०० रुपयांच्या मानाने हे जेवण कसं आहे, हा प्रश्न मला पडलाच नाही. खाडे किती धरतात, मध्येच मेस सोडली तर पैसे परत मिळतात का, पावती देतात का, यातलं मी काहीही विचारलं नाही. पैसे भरणारा माणूस हे पहिल्या दिवशी विचारतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मीठ. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आठ दिवस प्रेमाने वाढणाऱ्या माणसाबद्दल 'आमटी जरा तिखट होती' हेसुद्धा लिहायला हात धजत नाही. यात कुणी वाईट नसतं. माणूस असाच असतो. म्हणूनच मीठ कुणाचं खाल्लंय हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मग तुमच्या कौतुकातून किती वजा करायचं, ते त्याचं तो ठरवेल.

नियम तेव्हाही होते

मला वाटायचं, हे सगळं मोठ्या इन्फ्लुएन्सर्ससाठी असतं. तसं नाहीये. भारतातल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे 'आस्की', ही जाहिरात क्षेत्राने १९८५ मध्ये स्वतःच उभी केलेली संस्था आहे. तिने २०२१ मध्ये डिजिटल माध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक सूचना आणल्या आणि त्या वर्षीच्या १४ जूनपासून त्या लागू झाल्या. त्यात फॉलोअर्सचा किमान आकडा दिलेला नाही. तुमच्या सांगण्यावरून कुणी काही विकत घेऊ शकत असेल, तर तुम्ही त्यात आलात.

यातला मुख्य शब्द आहे 'मटेरियल कनेक्शन'. साध्या मराठीत, तुमचं आणि ब्रँडचं असं नातं, ज्याने तुमच्या बोलण्याचं वजन बदलतं. यात फक्त पैसे येत नाहीत. फुकट वस्तू येते, न मागता घरी आलेलं पीआर पॅकेज येतं, सवलत येते, फुकट ट्रिप आणि हॉटेलचा मुक्काम येतो. नोकरीचं, मैत्रीचं, घरचं नातंही येतं. म्हणजे मामाच्या कॅफेवर रील करताना 'हा माझा मामा आहे' हे सांगायचं. आणि मत अगदी निःपक्ष असलं, पूर्णपणे तुमचं स्वतःचं असलं, तरीही नातं उघड करायचंच, असं या सूचना स्पष्ट म्हणतात. माझा 'प्रामाणिक मत' वाला बचाव तिथेच संपला.

उलट, तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतलेल्या आणि आवडलेल्या वस्तूबद्दल लिहिताय, ब्रँडशी काही देणंघेणं नाही, तर ती जाहिरात नाही. तिथे टॅगची गरज नाही.

आस्की ही स्वयंनियमन करणारी संस्था. पण कायदाही आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैमध्ये लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी वस्तू बनवणाऱ्याला, आणि तिची शिफारस करणाऱ्यालाही, दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते. २० जानेवारी २०२३ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खास सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर्ससाठी 'एन्डॉर्समेंट्स नो-हाऊज' ही पुस्तिका काढली. पैसे, वस्तू, भेट, सहल, काहीही मिळालं असेल तर ते चटकन दिसेल अशा जागी सांगा, हा तिचा गाभा.

भेटवस्तू म्हणजे काही कमाई नव्हे, असं अजूनही वाटत असेल तर प्राप्तिकर खात्याकडे बघा. व्यवसायाच्या निमित्ताने एखाद्या कंपनीकडून वर्षभरात २० हजार रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू किंवा सोयी मिळाल्या, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर दहा टक्के टीडीएसची तरतूद आहे. रिव्ह्यूसाठी आलेला फोन परत केलात तर प्रश्न नाही, ठेवून घेतलात तर तो लाभ. सरकार ज्याला लाभ म्हणतं, ते वाचकापासून लपवायचं कशाला?

लपवायच्या जागा

नियम माहीत झाल्यावर आपण काय करतो? सांगतो, पण कुणाला दिसणार नाही असं सांगतो. पंचवीस हॅशटॅगच्या गर्दीत बाविसाव्या नंबरवर 'ॲड'. 'सी मोअर' दाबल्यावर सातव्या ओळीत 'कोलॅब'. ब्लॉगच्या 'माझ्याविषयी' पानावर एकदाच, 'काही पोस्ट्स प्रायोजित असू शकतात'.

ही चलाखी आस्कीने आधीच ओळखली आहे. बायोमध्ये किंवा 'माझ्याविषयी'च्या पानावर सरसकट एकदा लिहून भागत नाही, कारण लोक थेट त्या एका पोस्टवर येतात. बीडहून आलेली माझी ज्युनिअर माझं 'माझ्याविषयी' पान कशाला उघडेल? तिला मेस हवी होती. म्हणून लेबल पहिल्या दोन ओळींत हवं, हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात नको. फोटोची स्टोरी असेल तर फोटोवरच हवं.

व्हिडिओचं गणितही ठरलेलं आहे. १५ सेकंद किंवा त्याहून छोटा व्हिडिओ असेल तर लेबल किमान ३ सेकंद दिसायला हवं. १५ सेकंद ते २ मिनिटांचा असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. २ मिनिटांहून मोठा असेल तर त्या ब्रँडबद्दल जेवढा वेळ बोलताय तेवढा सगळा वेळ. लाइव्ह करताय? दर मिनिटाच्या शेवटी ५ सेकंद. पॉडकास्ट असेल तर सुरुवातीला आणि शेवटी, शिवाय प्रत्येक ब्रेकच्या आधी आणि नंतर तोंडाने सांगायचं.

शब्दही सरळ हवेत. 'ॲड', 'स्पॉन्सर्ड', 'कोलॅबरेशन', 'पार्टनरशिप', 'फ्री गिफ्ट'. आणि मराठीत रील करत असाल तर एक छान सोपा शब्द आपल्याकडे आहेच, 'जाहिरात'. आजीलाही कळतो. खरं तर म्हणूनच तो कुणी वापरत नसावं! 'थँक यू अमुक ब्रँड, लव्ह यू' यातून आजीला काय कळणार?

टॅग लावला म्हणजे सुटलो?

इथे दुसरी गंमत होते. 'जाहिरात' लिहिलं की जबाबदारी संपली, असं वाटायला लागतं. आपण सांगितलं ना, मग पुढचं ज्याचं त्याने बघावं. सरकारची पुस्तिका याच्याही पुढे जाते. जी वस्तू तुम्ही स्वतः वापरली नाही, जिची नीट खातरजमा केली नाही, तिची शिफारस करू नका, असं ती सांगते. तीन दिवस लावलेल्या फेसवॉशवर 'माझी स्किन बदलली' असं म्हणायचं नाही, मग टॅग कितीही मोठा लावा.

पैसा आणि तब्येत या दोन बाबतींत तर आस्कीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नियम आणखी कडक केले. शेअर बाजाराचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी हवी, आरोग्याचा किंवा आहाराचा द्यायचा तर तसं शिक्षण हवं, आणि ते ठळकपणे सांगायला हवं. कारण उघड आहे. मेस चुकली तर ४,५०० रुपये जातात. ट्रेडिंगच्या कोर्सपायी मात्र पोरं घरातली ठेव मोडतात.

आमच्या घरातही डोकावते

तुम्ही म्हणाल, पेपरात बसून ब्लॉगर्सना शिकवणं सोपं आहे. मान्य. म्हणून हेही सांगते.

२००९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातींविषयीच्या आपल्या सूचना सुधारल्या आणि ब्लॉगर्सनी ब्रँडशी असलेलं नातं उघड करायला हवं, असं त्यात आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दाला शब्द सारखं कसं छापून आलं, ते पत्रकार पी. साईनाथ यांनी उजेडात आणलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घराघरात पोचला. प्रेस काउन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. पैशाच्या किंवा वस्तूच्या मोबदल्यात छापलेली बातमी किंवा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज, अशी व्याख्या केली. वस्तूच्या मोबदल्यात, हे शब्द वर्गात वाचताना मला श्रीखंड आठवलं होतं. मी ज्याला ब्लॉग म्हणत होते, त्याला माझ्याच अभ्यासक्रमात वेगळं नाव होतं.

आता तुमच्या रोजच्या रस्त्यावर या. स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फ्लेक्स बघा. निवड झालेल्यांचे फोटो ओळीने लावलेले. ती मुलं तिथे दोन वर्षं शिकली, की फक्त शेवटच्या मुलाखतीच्या फुकट तयारीला आली? नेमका कोणता कोर्स केला ते लपवलं म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक क्लासेसना दंड केले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. तिथेही फोटो खरा असतो, नाव खरं असतं, रँक खरी असते. गाळलेली असते ती एक ओळ. आणि त्या गाळलेल्या ओळीवर कुणाचे तरी आईवडील लाखाची फी भरतात.

मग कोलॅब करायचीच नाही?

करा की! लिहिण्याला, कॅमेऱ्याला, एडिटिंगला वेळ लागतो, मेहनत लागते, त्याचे पैसे मिळायलाच हवेत. कॉलेज करून स्वतःचा खर्च कोलॅबमधून भागवणारे कितीतरी जण आहेत आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटत नसेल तर सांगायला हरकत काय, एवढंच म्हणणं आहे.

किंमत मोजावी लागते, हेही खरं. त्या प्रकरणानंतर मी माझ्या सगळ्या पोस्ट्स पुन्हा उघडल्या. एकतीसपैकी अकरा फुकटच्या निघाल्या. माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्या अकराही पोस्ट्सवर पहिल्या ओळीत तसं लिहिलं. पुढच्या महिन्यात दोन कॅफेंनी 'फुकट दिलं असं लिहिणार असाल तर राहू द्या' म्हणून कळवलं. एकाने मात्र 'लिहा बिनधास्त' म्हटलं. त्या कॅफेच्या कॉफीबद्दल मी 'बरी आहे' असं लिहिलं आणि तरी त्याने पोस्ट शेअर केली.

तुमचाही ब्लॉग, पेज, चॅनल असेल, तर पोस्ट टाकण्याआधी स्वतःला एवढं विचारा:

• ही वस्तू मी माझ्या पैशाने घेतली असती का? आणि याच किमतीला?

• मला काय काय मिळालं? पैसे, वस्तू, सवलत, लिंकवरचं कमिशन, ओळख, पुढच्या कामाचं आश्वासन?

• ते पहिल्या दोन ओळींत, माझ्या वाचकाच्या भाषेत लिहिलंय का?

• मला मिळालं तेच पैसे भरणाऱ्याला मिळेल का? खात्री नसेल तर तेही लिहिलंय का?

• ब्रँडने पोस्ट आधी वाचायला मागितली का? काही ओळी काढायला लावल्या का?

आणि वाचणारे असाल, तर कमेंटमध्ये एक प्रश्न नम्रपणे विचारायला शिका, 'ताई, हे विकत घेतलं का?' उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवा. प्रश्न डिलीट करणाऱ्याचं काय करायचं ते तुम्हाला कळतंच.

माझ्या त्या ज्युनिअरला मी दोन हजार रुपये द्यायला गेले होते. तेवढेच होते. तिने घेतले नाहीत. काही दिवसांनी बघितलं तर तिने माझं पेज अनफॉलो केलं होतं. कॉलेजमध्ये दिसली की हसते, पण मेस कुठली चांगली, हे पुन्हा कधी तिने मला विचारलं नाही.

ती पोस्ट मी काढून टाकलेली नाही. अजून ब्लॉगवर आहे. फक्त आता तिची सुरुवात अशी आहे: 'या मेसमध्ये मी महिनाभर फुकट जेवले. मी लिहिणार आहे हे मालकांना माहीत होतं. तुम्ही गेलात तर आधी एकाच महिन्याचे पैसे भरा.' मेस बंद झाली आहे, त्यामुळे या ओळींचा आता कुणाला उपयोग नाही. दोन वर्षांपूर्वी झाला असता.